घोड्याच्या डागापासून घंटागाडीच्या जीपीएसपर्यंत

मागच्या महिन्यात माझा चुलतभाऊ घरी आला होता. तो एका शहरात ठेकेदाराकडे घंटागाडी चालवतो. त्याचा एका दिवसाचा पगार कापला गेला होता. कारण विचारले तर म्हणाला, "गाडी एका गल्लीत चाळीस मिनिटे उभी दिसली. स्क्रीनवर लाल ठिपका आला." गाडी उभी होती हे खरे होते. क्लच प्लेट गेली होती आणि चढावर गाडी पुढे सरकत नव्हती. क्लचची तक्रार त्याने तीन आठवड्यांपूर्वी सुपरवायझरला सांगितली होती. पण गाडीवरच्या यंत्रात 'कुठे आहे' एवढेच कळते. 'कशी आहे' हे विचारायला त्यात जागाच नव्हती.

त्याचे बोलणे ऐकताना मला अब्बांची आठवण झाली. ते एका नगरपरिषदेच्या वाहन विभागात मिस्त्री होते. आमच्या घराण्याचा मूळ धंदा नालबंदीचा. दादा टांग्यांच्या घोड्यांना नाल ठोकायचे. टांगे गेले, मोटारी आल्या आणि अब्बांनी हातोडा सोडून पाना धरला. महाराष्ट्रात नालबंद आडनावाची कितीतरी मुस्लिम घराणी आहेत. त्यांतल्या अनेकांचा प्रवास असाच झाला असेल. सरकारी घोडा असो की सरकारी ट्रक, तो चालता ठेवणे हे आमचे काम आणि त्याची नोंद ठेवणे हे कारकुनाचे. या दोन कामांतला झगडा फार जुना आहे. त्याचाच मागोवा या लेखात घ्यायचा आहे.

सदक्याचे उंट

सार्वजनिक मालकीच्या जनावरावर खूण करण्याची पद्धत इस्लामच्या अगदी सुरुवातीच्या काळात दिसते. हजरत अनस (रजि.) सांगतात, की एका नवजात बाळाला घेऊन ते प्रेषित मुहंमद (स.) यांच्याकडे गेले तेव्हा प्रेषितांच्या हातात डागणी होती आणि ते सदक्याच्या उंटांना स्वतः डाग देत होते. ही हदीस बुखारीत आहे. हे उंट कुणा एकाचे नव्हते, गरिबांच्या हक्काचे होते. ते कुणाच्या खासगी कळपात मिसळून जाऊ नयेत म्हणून ही खूण. त्याचबरोबर जनावराच्या तोंडावर डाग देण्यास प्रेषितांनी मनाई केली, असे दुसऱ्या हदीसमध्ये येते. म्हणजे खूण हवी, पण खुणेलाही हद्द हवी.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळात राज्य वाढले. बैतुलमालच्या उंट-घोड्यांची संख्याही वाढली. त्यांच्यासाठी रबजासारखी राखीव कुरणे ठेवली गेली. एका कुरणावर हुनय नावाच्या मुक्त केलेल्या गुलामाची नेमणूक करताना उमर यांनी त्याला जी ताकीद दिली, तीही बुखारीत नोंदवलेली आहे. तिचा आशय असा : ज्याच्याकडे थोडीच जनावरे आहेत त्याला कुरणात येऊ दे, मोठ्या धनिकांच्या कळपांना मात्र आवर घाल. धनिकांची जनावरे मेली तर त्यांच्याकडे शेती आणि खजुराच्या बागा आहेत. गरिबाची मेली तर तो बायकामुले घेऊन माझ्या दारात येईल आणि त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा आज गवत-पाणी देणे मला सोपे आहे.

आज ज्याला आपण देखभालीचा खर्च म्हणतो त्याचे सगळे गणित या ताकिदीत आहे. वेळेवर दिलेले गवत स्वस्त पडते, मेलेले जनावर महाग पडते. कुरणावरच्या अधिकाऱ्याला इथे नुसती पहारा ठेवण्याची आज्ञा नाही, दुबळ्याशी कसे वागायचे याचीही आज्ञा आहे.

खिलजीचा डाग

भारतात सरकारी वाहनाची पद्धतशीर नोंद सुरू करण्याचे श्रेय अल्लाउद्दीन खिलजीला (१२९६-१३१६) दिले जाते. मंगोलांच्या स्वाऱ्या दिल्लीपर्यंत येत होत्या. मोठी फौज कायम उभी ठेवणे भाग होते. पण फौजेत एक जुनी चोरी चालत असे. हजेरीच्या दिवशी चांगला घोडा दाखवायचा, पगार घ्यायचा आणि नंतर तो विकून तट्टू ठेवायचे. एकच घोडा दोन-दोन वेळा दाखवण्याचा प्रकारही होता. कागदावरची फौज आणि मैदानातली फौज यांत मोठी तफावत पडे.

यावर दोन उपाय आले. घोड्याला 'दाग' म्हणजे तापवलेल्या लोखंडाची खूण आणि स्वाराचा 'हुलिया' म्हणजे त्याच्या रंगरूपाची, अंगावरच्या खुणांची लेखी नोंद. पुढे मोगल काळात या नोंदीला 'चेहरा' म्हणू लागले. मराठीतल्या 'चेहरेपट्टी' या शब्दाचा उगम अशाच लेखी वर्णनात आहे. आज आपण तो नाकीडोळी कसा आहे हे सांगायला वापरतो, पण एके काळी तो सरकारी दफ्तरातला कागद होता. आजच्या भाषेत सांगायचे तर दाग म्हणजे नंबरप्लेट आणि हुलिया म्हणजे फोटो लावलेले ओळखपत्र.

शाळेच्या पुस्तकात खिलजीची गोष्ट इथेच संपते. पण झियाउद्दीन बरनीची 'तारीख-ए-फिरोजशाही' वाचली तर दाग हा एकटा उपाय नव्हता हे लक्षात येते. बरनी स्वाराचा पगार २३४ टंके आणि दुसऱ्या घोड्यासाठी आणखी ७८ टंके असा देतो. एवढ्या पगारात स्वाराने घर आणि घोडा दोन्ही सांभाळावेत यासाठी खिलजीने धान्य, कापड आणि खुद्द घोडे यांचेही भाव बांधून दिले. घोड्यांच्या दलालांवर कडक बंधने आली. चंदी परवडत नसेल तर स्वार घोडा विकणारच, हे त्याला कळत होते. खिलजीचे शासन कठोर होते आणि त्याच्या शिक्षा तर क्रूर होत्या, त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण घोडा टिकवायचा तर आधी घोडेवाला टिकला पाहिजे, एवढा हिशेब त्याला येत होता.

सोन्याचा एक टंका

फिरोजशाह तुघलकाच्या (१३५१-१३८८) काळात ही व्यवस्था ढिली पडली. शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने एक किस्सा लिहिला आहे. एक स्वार आपल्या सोबत्याला रडकुंडीला येऊन सांगत होता, की हजेरीची मुदत संपत आली आणि आपला घोडा अजून दाखवलेला नाही. सुलतानाने ते ऐकले. चौकशी केल्यावर कळले, की सोन्याचा एक टंका दिला तर दिवाणातला कारकून काम करून देतो. सुलतानाने स्वतःच्या खजिन्यातून तो टंका त्या स्वाराला देवविला. स्वाराने तो कारकुनाला दिला आणि त्याचे काम झाले.

अफीफ हा किस्सा सुलतानाच्या दयाळूपणाचा दाखला म्हणून सांगतो. मला तो वाचताना हसू येते आणि नंतर वाईट वाटते. राजानेच आपल्या कारकुनाला लाच पोहोचवली! दाग होता, हजेरी होती, वह्या होत्या. खोटेपणा फक्त घोड्याकडून वहीकडे सरकला होता. नोंदीची पद्धत कितीही पक्की केली तरी नोंद करणाऱ्यावर कुणाची नजर आहे हा प्रश्न उरतोच.

शेरशाह सूरीने (१५४०-१५४५) दाग पुन्हा कडक केला. अब्बास खान सरवानी लिहितो, की शेरशाह दागाशिवाय कुणालाही पगार देत नसे. महालातले झाडूवाले आणि दासीही या नियमातून सुटल्या नव्हत्या. घोड्यासाठी निघालेली नोंद झाडूवाल्यापर्यंत पोहोचली ती अशी. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा लागणार आहे.

अकबराने १५७३-७४ च्या सुमारास मनसबदारांसाठी दाग सक्तीचा केला तेव्हा विरोध वरून झाला. त्याचा दूधभाऊ मिर्झा अजीज कोका याने उघड नाराजी दाखवली आणि काही काळ त्याला नजरकैदेत राहावे लागले. बदायुनी तक्रार करतो, की अमीर लोक हजेरीच्या दिवशी भाड्याचे घोडे आणतात, विणकर-सुतारांना स्वारांचे कपडे घालून उभे करतात आणि हजेरी झाली की सगळे आपापल्या घरी जातात. म्हणजे खिलजीच्या काळात जी चोरी साधा स्वार करत होता ती आता सरदार करत होते, तीही घाऊक.

तरी अकबराच्या व्यवस्थेत एक गोष्ट नवी होती. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त जनावर आहे की नाही एवढेच पाहिलेले नाही. ते कसे आहे, तेही पाहिले आहे. घोड्यांचे अरबीपासून जंगलापर्यंत सात प्रकार, प्रत्येकाची खुराक, मोतद्दारांचे पगार, हे सगळे तिथे आहे. 'पागोश्त' नावाचे एक प्रकरण तर केवळ जनावर किती रोडावले हे तपासण्याचे आहे. रोडावल्याच्या प्रमाणात त्याची निगा राखणाऱ्यांना दंड होई. दंड खालच्याला होई ही त्यातली उणीव खरी. पण जनावराची तब्येत हा नोंदीचा विषय झाला, ही मोठी गोष्ट होती.

पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद

आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या लष्करात पागेचा बारगीर सरकारी घोड्यावर बसे आणि शिलेदार स्वतःचा घोडा आणी. सभासदाच्या बखरीत या व्यवस्थेचे तपशील आहेत. पावसाळ्यात लष्कर छावणीला येई. त्याआधीच घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे यांची तजवीज होई. घोड्यांची आणि माणसांची घरे गवताने शाकारून तयार असत. दसऱ्याला लष्कर बाहेर पडताना प्रत्येकाजवळ काय आहे याची यादी होई आणि परतल्यावर तिच्याशी ताळा घेतला जाई. जास्त निघाले तर सरकारजमा किंवा पगारातून वजा.

याच बखरीत आणखी एक तपशील आहे आणि तो माझ्या घराण्याशी संबंधित असल्यामुळे मला विशेष प्रिय आहे. पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. एक पाणी देणारा, एक नाल ठोकणारा. नाल निघालेला घोडा डोंगरात दोन दिवसांत लंगडा होतो. यादी कितीही चोख असली तरी ती नाल ठोकत नाही. म्हणून यादीबरोबर नालबंद हवा आणि तो घोड्यांच्या प्रमाणात हवा. आज किती नगरपरिषदांना पंचवीस गाड्यांमागे किती मिस्त्री आहेत हे सांगता येईल? बहुतेक ठिकाणी मिस्त्रीची जागा भरलीच जात नाही आणि काम बाहेरच्या गॅरेजला जाते.

धुळीने हरवलेल्या पट्ट्या

आता आधुनिक काळाकडे येऊ. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी प्रत्येक डब्यावर रंगीत पट्ट्यांची खूण लावायचे ठरवले. रुळाशेजारचे यंत्र ती खूण वाचणार आणि कोणता डबा कुठे आहे हे कळणार. या योजनेचे नाव कारट्रॅक. दुकानातला बारकोड येण्याआधीची ही गोष्ट आहे. तो १९७४ मध्ये ओहायोतल्या एका दुकानात पहिल्यांदा वाचला गेला. लाखो डब्यांवर पट्ट्या लागल्या. पण डबे उन्हापावसात धावत होते. पट्ट्यांवर धूळ, काजळी, तेल बसले आणि त्या पुसायचे काम कुणाकडेच नव्हते. यंत्राला खुणा वाचता येईनात. अखेर १९७७ मध्ये योजना गुंडाळली गेली. ज्या खुणेने डब्यांवर लक्ष ठेवायचे त्या खुणेचीच देखभाल झाली नाही.

पुढे रेडिओ लहरींवर वाचल्या जाणाऱ्या चकत्या आल्या. त्यांना धुळीची अडचण नव्हती. आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग त्याच जातीचा. उपग्रहांवरून जागा सांगणारी जीपीएस ही मुळात अमेरिकन लष्कराची व्यवस्था. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला, पूर्ण व्यवस्था १९९५ मध्ये उभी राहिली. नागरी वापरासाठी तिची अचूकता मुद्दाम कमी ठेवली जात असे, ते बंधन मे २००० मध्ये उठले. त्यानंतर जगभरच्या नगरपालिकांनी कचरागाड्या, टँकर, बर्फ हटवणाऱ्या गाड्या यांवर ही यंत्रे बसवायला सुरुवात केली. शिकागो शहराने २०१२ मध्ये बर्फ हटवणाऱ्या गाड्या कुठे आहेत हे नागरिकांना नकाशावर पाहता येईल अशी सोय केली. आपल्याकडे २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना असे यंत्र आणि धोक्याचे बटण सक्तीचे झाले. घंटागाड्यांवर तर ठेक्याच्या अटींमधूनच ते आले.

मी या यंत्रांच्या विरोधात नाही. ज्याने गॅरेजमध्ये बालपण काढले तो त्यांचे मोल जाणतो. उदाहरण घ्या. कचरा दाबणारी गाडी दिवसाला फार किलोमीटर चालत नाही, पण जागेवर उभी राहून तिचे इंजिन तासन्‌तास चालू असते. किलोमीटर पाहून ऑइल बदलले तर इंजिन लवकर जाते. जेसीबीला म्हणूनच अवरमीटर असतो, त्याची सर्व्हिसिंग तासांवर ठरते. अग्निशमन बंबाचेही तेच. तो कमी पळतो, पण पंप चालवायला इंजिन ताणले जाते. इंजिनाचे तास, तापमान, बॅटरीचा दाब हे सगळे आज यंत्राने आपोआप नोंदवता येते आणि बिघाड होण्याआधी सूचना मिळू शकते. ते यंत्र गाडीचे आयुष्य वाढवू शकते. पण आपण ते कशासाठी वापरतो?

काही वर्षांपूर्वी नागपूर, चंदीगडसारख्या शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली गेली. चंदीगडच्या कामगारांनी त्याविरुद्ध आंदोलने केली. स्वच्छतागृहात गेलो तरी नजर आहे, हे त्यांचे दुखणे होते. गाडीपासून सुरू झालेली खूण झाडूवाल्याच्या मनगटावर आली. शेरशाहचे वाक्य मी लक्षात ठेवायला सांगितले होते ते यासाठी. सफाईच्या कामात कोणत्या जातींची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत हे महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. हे घड्याळ कोणत्या वर्गाच्या मनगटावर येते आणि कोणत्या वर्गाच्या येत नाही, याचाही हिशेब आपण मांडायला हवा.

अब्बांची वही

अब्बा सरकारी लॉगबुकशिवाय स्वतःची एक वही ठेवत. प्रत्येक गाडीला त्यात चार पाने. ऑइल कधी बदलले, ब्रेक लायनर कधी घातले, बॅटरी कधीची, टायर कोणत्या बाजूने झिजतो. सातवी शिकलेल्या माणसाचे वाकडेतिकडे अक्षर. ते म्हणायचे, "गाडी बोलती रे, सुननेवाला होना."

एका उन्हाळ्यात लाकडाच्या वखारीला आग लागली. बंब वेळेवर पोहोचला. टाकीतले पाणी संपल्यावर शेजारच्या विहिरीत पाइप सोडला, तर पंप पाणी ओढेना. ग्लँड गळत होती आणि पंप हवा घेत होता. वखार जळाली. जीवितहानी झाली नाही, पण एका कुटुंबाची आयुष्यभराची कमाई राख झाली. चौकशी लागली आणि सगळ्यांची बोटे मिस्त्रीकडे वळली. 'देखभालीत हलगर्जीपणा' असा शेरा तयार होता. गावात आणखीही काही बोलले गेले. मिस्त्रीचे नाव ऐकून लोक काय बोलतात हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

अब्बांनी चौकशीत वही पुढे ठेवली. त्या बंबाच्या पानावर तीन तारखा होत्या. तीनदा त्यांनी पॅकिंगसाठी लेखी मागणी दिली होती आणि प्रत्येक मागणीचा आवक क्रमांक वहीत उतरवून ठेवला होता. पॅकिंगची किंमत काहीशे रुपये. कागद चार महिने एका टेबलावर पडून होता. अब्बांची नोकरी वाचली. ज्या टेबलावर कागद पडून होता त्याला काय झाले हे आम्हाला कधी कळले नाही. घरी आल्यावर अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वही ने मुझे बचाया, वखार को नहीं."

हे वाक्य मी अनेक वर्षे मनात घेऊन फिरतो आहे. नोंद ही नंतर दोष कुणाचा हे ठरवण्यासाठी असेल तर ती उशिराच कामी येते. नोंद आधी वाचली गेली तरच वखार वाचते. आणि वाचण्याची जबाबदारी खालच्याची नसते, वरच्याची असते.

चुलतभावाच्या गाडीवरचे यंत्र अब्बांच्या वहीपेक्षा हजारपट हुशार आहे. पण अब्बांच्या वहीत जे होते ते त्यात नाही. चालकाने बिघाड कधी सांगितला, कुणाला सांगितला, मंजुरी कधी मिळाली, सुटा भाग कधी आला, या चार तारखा त्यात नाहीत. त्या आल्या तर लाल ठिपका नुसता गल्लीत दिसणार नाही, कार्यालयातल्या टेबलावरही दिसेल. कदाचित म्हणूनच त्या येत नसाव्यात.

एक गोष्ट आपल्याला करता येईल. घंटागाडी आली नाही की आपण चालकावर ओरडतो किंवा मोबाइलवर तिचा ठिपका शोधतो. त्याऐवजी माहिती अधिकाराचा एक अर्ज द्यावा. आपल्या नगरपरिषदेकडे किती गाड्या आहेत, किती मिस्त्री आहेत, प्रत्येक गाडीची शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली आणि सुट्या भागांच्या किती मागण्या किती दिवसांपासून पडून आहेत, हे विचारावे. बंबाबद्दल आधी विचारावे. गाड्या आपल्या आहेत. बैतुलमाल या शब्दाचा अर्थही तोच होतो.

चुलतभावाला मी शंभर पानी वही घेऊन दिली. त्याने पहिल्या पानावर क्लचच्या तक्रारीची तारीख लिहिली आणि विचारले, "सही कुणाची घेऊ?" सुपरवायझर सही देणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होते. मी त्याला सांगितले, रोज फोनवर मेसेज पाठव आणि मेसेजची वेळ वहीत लिही. परवा त्याचा फोन आला. क्लच प्लेट अजून बदललेली नाही. मेसेज अकरा झाले आहेत.